जुन्या अमेरिकन काचेच्या दिव्याचा निर्माता कसा ओळखावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि कॅम्पातील बंगल्यांतून निघालेल्या सामानात काचेच्या टाकीचे रॉकेलचे दिवे आजही सापडतात. असा दिवा बाहेर निघाला की घरातील कोणीतरी तो अमेरिकन असल्याचे खात्रीने सांगते. ते खरे असण्याची शक्यता आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आलेले बरेचसे रॉकेल अमेरिकेचेच होते. लाकडी खोक्यात दोन-दोन डबे घालून ते जहाजाने येत असे आणि तेलामागोमाग दिवेही आले. आपल्या भागात हा माल आधी वेंगुर्ल्याच्या बंदरातून आंबोली घाटाने चढे आणि 1880 च्या दशकाच्या अखेरीपासून रेल्वेने येऊ लागला. मात्र याच वाटांनी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इंग्लंडचे दिवेही आले, आणि पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे कंदील व काचा घरोघरी पोचल्या. त्यामुळे केवळ घरातील आठवणीवर विसंबून दिव्याला अमेरिकन ठरवणे योग्य नाही.

निर्मात्याचा शोध घेताना एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी. अमेरिकन काचेचा दिवा हा बहुधा एका कारखान्याचा माल नसतो, आणि तो नवा असतानाही नसे. काच पिट्सबर्ग, व्हीलिंग किंवा ओहायोतील भट्ट्यांत तयार होई, पितळी बर्नर कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी, थॉमस्टन, मेरिडेन या गावांत घडे, काचेची चिमणी तिसऱ्याच कारखान्यातून येई, आणि घाऊक व्यापारी हे सारे एकत्र करून विकत असे. त्यावर आपल्याकडे शंभर वर्षांची वापरातली मोडतोड झाली. फुटलेल्या चिमणीच्या जागी ओगलेवाडीची किंवा फिरोजाबादची काच आली, झिजलेल्या बर्नरच्या जागी बाजारात मिळाला तो बर्नर बसला आणि गळलेले सांधे तांबटाने कथलाने झाळले. म्हणून दिव्याला एकच प्रश्न न विचारता त्याच्या प्रत्येक भागाची स्वतंत्र साक्ष घ्यावी आणि त्या साक्षी एकमेकींशी जुळतात का हे शेवटी पाहावे. बर्नरच्या चावीवरील नाव वाचून संपूर्ण दिवा त्या कंपनीचा ठरवणे म्हणजे दारावर भाडेकरूच्या नावाची पाटी पाहून घर त्याचेच समजण्यासारखे आहे. ओळखीतील सर्वाधिक गफलती इथेच होतात.

हात लावण्यापूर्वी

दिवा सापडताच चिंच, राख किंवा पितळ उजळण्याची पूड घेऊन घासायला बसू नये. चावीवरील अक्षरे पातळ पत्र्यावर उथळ ठसवलेली असतात आणि दोन-चार वेळा जोराने घासल्यावर ती कायमची पुसट होतात. गरम पाण्यात दिवा बुडवणेही टाळावे, कारण काचेच्या टाकीच्या तोंडावरील पितळी कडे पुष्कळदा प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवलेले असते आणि ते पाण्याने भुसभुशीत होते. खानापूरच्या बाजूला, जिथे पावसाळा चार महिने घरात मुरतो, तिथे हे प्लास्टर आधीच कमकुवत झालेले असते. बर्नर अडकला असेल तर आट्यांवर थेंबभर हलके तेल सोडून रात्रभर ठेवावे, आणि उघडताना काचेच्या टाकीला धरून पिळ न देता एका हाताने पितळी कडे व दुसऱ्या हाताने बर्नर धरावा. टाकीच्या काचेवर जोर आला की गळ्यापासून तडा जातो आणि तो सांधता येत नाही.

साधने थोडी लागतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटर दाखवणारे कॅलिपर, लहान टॉर्च, पातळ कागद व मऊ पेन्सिल आणि जमल्यास नाणी व नोटा तपासण्याची स्वस्त अतिनील टॉर्च एवढी पुरतात. उठावाची अक्षरे डोळ्यांनी वाचता आली नाहीत तर टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे सावल्यांमुळे अक्षरे उठून दिसतात. एवढ्यानेही काम झाले नाही तर कागद वर ठेवून पेन्सिलीने हलकेच घासून ठसा उतरवावा.

आधी देश ठरवावा

निर्मात्याच्या नावाकडे जाण्यापूर्वी दिवा अमेरिकन घडणीचा आहे का, हे पाहावे. साध्या सपाट वातीच्या अमेरिकन बर्नरवर चिमणी धरून ठेवणारी लवचिक पितळी नखे बहुधा चार असतात. चिमणीची बैठक सरळ असते, तिच्यावर पोट फुगलेले असते आणि वरचा काठ अनेकदा चुणीदार किंवा मण्यांच्या माळेसारखा असतो. युरोपातील बर्नरवर याउलट अनेक पाकळ्यांचे मुकुटासारखे कडे असते. बर्लिनच्या विल्ड उंड वेसेल कंपनीने रूढ केलेल्या कॉसमॉस जातीच्या बर्नरची चिमणी नळीसारखी सरळ असून तळाजवळ कमरेसारखी आवळलेली असते. चावीवर बर्नरऐवजी ब्रेनर असे अक्षरांकन आढळले तर ती वस्तू जर्मन भाषक देशातील समजावी. व्हिएन्नाच्या डिटमार कंपनीचे नावही आपल्याकडील दिव्यांवर येते. दोन सपाट वाती शेजारीशेजारी असतील तर तो डुप्लेक्स बर्नर होय. बर्मिंगहॅमच्या हिंक्स यांनी 1865 मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि इंग्रजी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत त्याला मोठी पसंती होती. त्यामुळे कॅम्पातून निघालेला देखणा, उंच, दोन वातींचा दिवा समोर आला की आधी इंग्लंडचाच विचार करावा.

मापेही उपयोगी पडतात. अमेरिकन टाकीच्या तोंडावरील कड्याची मापे क्रमांकांनी ठरलेली होती. क्रमांक 1 चे तोंड सुमारे 7/8 इंच, म्हणजे 22 मिलिमीटर, आणि क्रमांक 2 चे सुमारे 1¼ इंच, म्हणजे 32 मिलिमीटर भरते. क्रमांक 1 ची वात 5/8 इंच रुंद आणि क्रमांक 2 ची एक इंच रुंद असते. चिमणीच्या बैठकीचा व्यास अनुक्रमे 2½ आणि 3 इंच असतो. युरोपीय बर्नरची मापे लाइन या एककात असून 8, 10, 14, 20 असे आकडे आणि त्यांपुढे तीन लहान रेघा त्यांवर दिसतात. ही कसोटी एकटी पुरेशी नाही, कारण अमेरिकन मापांच्या नकला इतरत्रही झाल्या. तरी मापे, नखे आणि चिमणीचा आकार या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर पुढे जाण्यास हरकत नाही.

पितळ काय सांगते

वात वर-खाली करण्याच्या चावीच्या गोल चकतीवर सर्वाधिक मजकूर असतो. चकती सव्वा-दीड सेंटिमीटरची, आणि तिच्यावर काठाने फिरणारी अक्षरे. ती भिंगाखाली संथपणे, एकेक अक्षर करून वाचावी. पी. अँड ए. ही अक्षरे प्लूम अँड अॅटवुड या वॉटरबरीच्या कंपनीची आहेत. स्कोव्हिल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी हीदेखील वॉटरबरीचीच असून तिच्या बर्नरवर क्वीन अॅन हे नाव वारंवार दिसते. एच. बी. अँड एच. ही अक्षरे होम्स, बूथ अँड हेडन्स यांची होत. ही सारी मंडळी मूळची पितळकाम करणारी होती, काच ओतणारी नव्हती. म्हणूनच चकतीवरील नावावरून बर्नरचा निर्माता निःसंशय कळतो, पण टाकीच्या काचेविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. व्हिक्टर, क्वीन अॅन यांसारखी नावे कंपनीची नसून बर्नरच्या नमुन्याची आहेत, हेही ध्यानात ठेवावे. अन्यथा शोध भलत्याच वाटेला जातो.

निपाणीच्या एका वाड्यातील दिव्याचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. टाकी पारदर्शक काचेची, बाहेरून चौकटीदार नक्षी, खाली काचेचाच दांडा आणि बैठक. चावीवर पी. अँड ए. ही अक्षरे स्वच्छ वाचता येत होती आणि घरच्या लोकांनी तेवढ्यावरून संपूर्ण दिवा त्या कंपनीच्या नावावर लावला होता. भिंगातून पाहिल्यावर कड्याच्या आतील जुने आटे गुळगुळीत झिजलेले आणि बर्नरचे आटे मात्र धारदार दिसले. कड्याच्या बाहेरच्या अंगाला बर्नरच्या काठाने वर्षानुवर्षे पडणारी गोल झीजही बर्नरच्या काठाशी जुळत नव्हती. म्हणजे हा बर्नर मागाहून बसवलेला होता. चिमणीची काच हिरवट, जाड आणि बुडबुड्यांची असल्याने ती देशी असावी. एवढ्या पाहणीतून निष्पन्न झाले ते असे की बर्नर प्लूम अँड अॅटवुडचा, टाकी अमेरिकन घडणीची पण नाव सिद्ध न झालेली आणि चिमणी बदललेली. या नोंदीने दिव्याचे मोल कमी होत नाही. उलट पुढच्या पाहणाऱ्याला खरा प्रश्न नेमका कुठे उरला आहे ते कळते.

गोल वातीच्या, मधल्या नळीतून हवा खेचणाऱ्या मोठ्या दिव्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यांत धातूचे काम प्रधान असून त्यावर नावही ठळक असते. अशा दिव्यात ज्योत पसरवणारी, भोके पाडलेली एक टोपी मधल्या नळीवर बसते आणि नाव व पेटंटच्या तारखा बहुधा तिच्यावरच असतात. द रोचेस्टर हे नाव या जातीत सर्वांत प्रसिद्ध आहे. ते दिवे मेरिडेनच्या एडवर्ड मिलर कंपनीने रोचेस्टर लॅम्प कंपनीसाठी बनवले. मिलरचे स्वतःचे नावही इतर दिव्यांवर आढळते. मेरिडेनचीच ब्रॅडली अँड हबर्ड ही कंपनी 1852 पासून 1940 पर्यंत चालली. तिचा शिक्का त्रिकोणी असून मध्ये जुन्या पद्धतीच्या तेलाच्या दिव्याचे चित्र असते, आणि लहान भागांवर नुसते बी. अँड एच. इतकेच असते. ज्योत पसरवणारी टोपी सैल असल्याने ती सर्वांत आधी हरवते, म्हणून दिवा सापडला त्या जागेवरील सुटे पितळी तुकडे टाकून न देता जपून ठेवावेत.

काचेचे वाचन

खरी कठीण आणि खरी आनंदाची पायरी काचेची आहे. त्या काळातील बहुसंख्य अमेरिकन टाक्यांवर निर्मात्याचे नाव नसते. म्हणून आकार, नक्षी, सांध्याच्या रेघा, कड्याची बसवण आणि काचेचा रंग यांवरून अनुमान करावे लागते.

प्रथम दिवा कसा जोडला आहे ते पाहावे. टाकी, दांडा व बैठक अखंड काचेची आहे, की टाकी काचेची, दांडा पितळेचा व बैठक संगमरवराची आहे? असा मिश्र जोड 1860 आणि 1870 च्या दशकांत लोकप्रिय होता. नंतर पितळी कडे थेट काचेला धरणाऱ्या युक्त्या निघाल्या आणि त्यांची पेटंटे झाली. पिट्सबर्गच्या अॅटरबरी कंपनीने या कामात पुष्कळ पेटंटे घेतली आणि त्यांच्या तारखा टाकीवर किंवा बैठकीखाली उठावात ओतल्या. त्या तारखा सापडल्या तर नाव नसूनही दिवा ओळखता येतो. पिट्सबर्गच्याच रिप्ले कंपनीचा जोडदिवा त्याहून सहज ओळखू येतो. एकाच दांड्यावर दोन टाक्या, त्यांच्यामध्ये काड्यांची लहानशी कुपी आणि उठावात 1 फेब्रुवारी 1870 ही पेटंटची तारीख अशी त्याची घडण आहे. अमेरिकेत त्याला लग्नाचा दिवा म्हणतात. आपल्या भागात तो आढळला तर तो दुर्मिळ समजून काळजीने ठेवावा, कारण दोन टाक्यांतील एक शाबूत राहणेही कठीण असते.

सांध्याच्या रेघा साच्याचे तुकडे किती होते ते सांगतात. साच्यात दाबून केलेल्या टाकीला आतून गुळगुळीतपणा आणि बाहेर ठळक नक्षी असते. साच्यात फुंकून केलेल्या टाकीत मात्र बाहेरचा उठाव आतल्या बाजूला खळग्याच्या रूपाने जाणवतो. तर्जनी आत घालता येत नसेल तर टॉर्च तळाशी धरून पाहावे. बैठकीखाली, काच घडवताना ती सळईने धरल्याची खरबरीत खूण असेल तर काच 1860 च्या आसपासची किंवा त्याआधीची असण्याचा संभव वाढतो. त्या काळी बोस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी, जी 1825 ते 1888 या काळात चालली, आणि केंब्रिजची न्यू इंग्लंड ग्लास कंपनी या दोन मोठ्या भट्ट्या पूर्व किनाऱ्यावर होत्या. मात्र प्रत्येक जुन्या दाबकाचेला सँडविच म्हणण्याची सवय तिकडच्या व्यापाऱ्यांनाही आहे आणि ती सोडलेली बरी.

काचेच्या वजनावरूनही काही कळते. 1864 मध्ये व्हीलिंगच्या हॉब्ज, ब्रॉकुनियर भट्टीत विल्यम लाइटन यांनी सोडा-चुन्याच्या काचेचे असे सुधारित मिश्रण तयार केले की शिशाच्या काचेसारखी स्वच्छ काच स्वस्तात होऊ लागली. त्यानंतर सामान्य दिव्यांतून शिशाची काच झपाट्याने हटली. म्हणून नखाने टिचकी मारल्यावर लांब, घुमणारा नाद देणारी जड टाकी बहुधा त्याआधीची किंवा उंची मालाची असते. हॉब्जची दुधी झाक असलेली, ठिपक्यांची रंगीत काच आजही तिकडच्या संग्राहकांना फार प्रिय आहे.

पारदर्शक काचेत जांभळी छटा दिसली तर ती काच मँगनीजने निवळवलेली असून बराच काळ उन्हात राहिली आहे, असे समजावे. अमेरिकेत ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मागे पडली. काही विक्रेते कृत्रिम किरणांखाली काच ठेवून गर्द जांभळा रंग आणतात, तेव्हा फार गडद आणि सर्वत्र एकसारख्या रंगाचा भरवसा धरू नये. अतिनील टॉर्चखाली काच झगझगीत हिरवी चमकली तर तिच्यात युरेनियम आहे. मंद हिरवट उजेड मँगनीजचा असू शकतो. पण युरेनियमची काच बोहेमियात आणि इंग्लंडातही होत असे, म्हणून ही चमक निर्मात्याचा पुरावा ठरत नाही. विक्रेते मात्र तिच्यावरच किंमत चढवतात.

1891 या वर्षाची खूणगाठ अवश्य बांधावी. त्या वर्षी अठरा काचभट्ट्या एकत्र येऊन युनायटेड स्टेट्स ग्लास कंपनी स्थापन झाली. रिप्ले आणि हॉब्ज या दोन्ही तिच्यात सामील झाल्या. त्यानंतर साचे एका भट्टीतून दुसरीत जाऊ लागले आणि तोच नमुना अनेक ठिकाणी निघू लागला. त्यामुळे नक्षीवरून नमुन्याचे नाव ठरले तरी भट्टीचे नाव ठरले असे होत नाही. अशा वेळी नमुना आणि कालखंड लिहावा, निर्मात्यापुढे संभाव्य एवढाच शब्द टाकावा.

चिमणीवर पर्ल टॉप किंवा पर्ल ग्लास अशी खोदलेली अक्षरे दिसली तर ती पिट्सबर्गच्या मॅकबेथची आहे. 1899 पासून हा कारखाना मॅकबेथ-एव्हन्स या नावाने ओळखला गेला आणि 1936 मध्ये कॉर्निंगमध्ये विलीन झाला. मूळ अमेरिकन चिमणी शाबूत मिळणे आपल्याकडे विरळा, कारण दिव्यात सर्वांत आधी फुटणारी वस्तू तीच.

पेटंटच्या तारखेची परीक्षा

पेटंटची तारीख ही दिवा बनल्याची तारीख नव्हे. ती फक्त एवढे सांगते की दिवा त्या दिवसाच्या आधी बनलेला नाही. 1861 च्या कायद्याने अमेरिकेत पेटंटची मुदत 17 वर्षे झाली आणि त्या काळात, कधी त्यानंतरही, जुनीच तारीख साच्यात राहिली. अनेक तारखा असतील तर सर्वांत अलीकडची धरावी. तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर येतो, हेही लक्षात असू द्यावे.

पुसट आकडा वाचताना एक उत्तम कसोटी वापरता येते. 1850 नंतरच्या काळात अमेरिकन पेटंटे मंगळवारी दिली गेली. म्हणून वाचलेल्या तारखेचा वार काढावा. रिप्लेची 1 फेब्रुवारी 1870 ही तारीख मंगळवारीच येते. 3 आणि 8, किंवा 1 आणि 7 यांत घोटाळा होऊन तारीख गुरुवारी पडली, तर आकडा चुकीचा वाचला गेला आहे. वार जुळला की अमेरिकन पेटंटांच्या डिजिटल संग्रहात ती तारीख आणि दिव्याचे नाव घालून शोधावे, म्हणजे पेटंट घेणाऱ्याचे नाव आणि कित्येकदा समोरच्या दिव्याची रेखाकृती पाहायला मिळते. कागदावरील रेघा आणि हातातील पितळ एकमेकांशी जुळतात तो क्षण या साऱ्या परिश्रमांचे सार्थक करणारा असतो.

अलादीन

अलादीन दिव्यांचा वेगळा विचार करावा लागतो, कारण आपल्या भागात हे नाव जुन्या पिढीच्या तोंडी आजही आहे. मँटल लॅम्प कंपनी ऑफ अमेरिका ही शिकागोची कंपनी 1908 मध्ये व्हिक्टर जॉन्सन यांनी स्थापन केली आणि 1909 पासून अलादीन दिवे विकले. गोल वातीच्या ज्योतीने जाळीदार मँटल तापवून पांढरा प्रकाश देणारा हा दिवा, हवा न भरता चालत असल्याने बत्तीपेक्षा शांत होता. काचेच्या टाकीचे अलादीन मुख्यतः 1930 च्या दशकातील असून त्यांची काच इंडियाना राज्यातील अलेक्झांड्रिया येथील कारखान्यात होई. व्हेनिशियन, कलोनियल, कथीड्रल, कोरिंथियन, बीहाइव्ह, वॉशिंग्टन ड्रेप, लिंकन ड्रेप अशी नमुन्यांची नावे असून प्रत्येकाची नक्षी ठरलेली आहे. उदाहरणार्थ, लिंकन ड्रेपच्या टाकीवर पडद्याच्या झालरीसारखे पट्टे लोंबतात. हस्तिदंती रंगाच्या अपारदर्शक काचेला कंपनीने अॅलासाइट असे नाव दिले होते आणि तिचे आरंभीचे नमुने अतिनील प्रकाशात चमकतात. बर्नरचा नमुना वातीच्या चावीवर लिहिलेला असतो. या दशकातील काचेच्या दिव्यांवर न्यू-टाइप मॉडेल बी असे बहुधा आढळते.

मात्र हिंदुस्थानात विकले गेलेले अलादीन बऱ्याच प्रमाणात इंग्लंडमधील ग्रीनफर्डच्या अलादीन इंडस्ट्रीजचे होते. चावीवर किंवा कड्यावर ग्रीनफर्ड किंवा मेड इन इंग्लंड दिसले तर दिवा अमेरिकन कुळातला पण इंग्रजी बनावटीचा आहे, असे लिहावे. लिंकन ड्रेपची पुनर्निर्मिती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली आहे, म्हणून बैठकीखाली वापराच्या ओरखड्यांचा मागमूस नसलेला, लखलखीत गडद रंगाचा नमुना जुना म्हणून विकत घेऊ नये.

विजेच्या दिव्यांच्या रंगीत छत्र्या

टिफनी, हँडल आणि पेअरपॉइंट या अमेरिकन कंपन्यांचे दिवे आपल्या भागात मिळणे जवळजवळ अशक्य आहे, पण त्यांच्या नावाने माल विकला जातो म्हणून चार खुणा माहीत असाव्यात. टिफनी स्टुडिओज, न्यू यॉर्क हा ठसा कांस्याच्या बैठकीखाली क्रमांकासह असतो आणि शिसे-जोडाच्या छत्रीच्या काठाला आतून लहान धातूची पट्टी असते. फुंकलेल्या काचेवर एल. सी. टी. अशी कोरलेली अक्षरे येतात. मेरिडेनच्या हँडल कंपनीच्या छत्र्या आतून रंगवलेल्या असून काठाशी नाव, क्रमांक आणि चित्रकाराची आद्याक्षरे असतात. ही कंपनी 1936 मध्ये बंद झाली. मॅसॅच्युसेट्सच्या न्यू बेडफर्डमधील पेअरपॉइंटच्या फुगीर, फुलांच्या आकाराच्या छत्र्या विशेष नावाजल्या, आणि तिच्या बैठकीवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीतील पी हे अक्षर आढळते. टिफनी पद्धतीची छत्री आणि टिफनीची छत्री यांत हजारपटींचे अंतर आहे. ठसा बनावट असू शकतो, म्हणून तो अखेरचा पुरावा समजावा, पहिला नव्हे.

नोंद आणि विक्री

प्रत्येक दिव्याची नोंद भागवार करावी. टाकी, कडे, बर्नर, चिमणी, बैठक, या प्रत्येकापुढे आढळलेली अक्षरे जशीच्या तशी, माप, रंग, झीज आणि आपले अनुमान स्वतंत्र लिहावे. अनुमानापुढे सिद्ध, संभाव्य किंवा अज्ञात यांपैकी एक शब्द टाकावा. चावीचे छायाचित्र तिरप्या उजेडात, शेजारी मापपट्टी ठेवून घ्यावे आणि बैठकीचे खालून घ्यावे. दिवा कोणत्या गावातून, कोणत्या खोलीतून निघाला आणि घरात तो कोणाच्या काळात होता हेही लिहावे, कारण आपल्या भागातील व्यापाराच्या वाटांचा पुरावा या नोंदींतूनच उभा राहणार आहे.

दिवा विकायचा झाल्यास पितळ उजळून आणि जुना बर्नर काढून नवा बसवून देण्याचा विक्रेत्याचा सल्ला मानू नये. परदेशातील ग्राहकाला पाठवण्याचा विचार असेल तर 1972 च्या पुरातन वस्तू व कला-संपदा कायद्याकडे लक्ष द्यावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि खासगी व्यक्तीला अशी पुरातन वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. दिवा त्या वयाचा आहे की नाही, हे सौदा ठरण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून लेखी ठरवून घ्यावे. त्यासाठी भागवार केलेली नोंद आणि छायाचित्रे अर्जासोबत जोडावीत.